मुकी हिमकन्या

"हवा लागत नाही," असं म्हणत त्याने ऑटोवाल्याच्या मदतीने कूलर आत आणला आणि आमच्या काउंटरसमोर ठेवला. "बदलून द्या."

माणूस तरुण होता, लग्न अगदी ताजं असणार. मनगटाला बांधलेला हळकुंडाचा दोरा अजून सुटला नव्हता. बाहेर अकोल्याचं एप्रिलमधलं ऊन. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. अशा उन्हात नवा कोरा कूलर परत करायला येणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर फार अडचणीत असतो.

निनाद सरांनी शांतपणे कूलरची पिन बोर्डात घातली, बटण दाबलं आणि खिशातला रुमाल जाळीसमोर सोडला. रुमाल उडाला तो सरळ समोरच्या भिंतीवरच्या गणपतीच्या फोटोला जाऊन चिकटला.

"लागते की हवा!"

"इथं लागते," तरुण म्हणाला. "घरी नाही लागत."

"घरी कुठे ठेवलाय? खिडकी आहे का?"

"हाय."

"खिडकीतच ठेवलाय?"

"हो."

"मग?"

तो कान खाजवत उभा राहिला. कान लाल झाले होते. मग त्याची नजर दुकानाच्या कोपऱ्यात गेली. तिथे आमचं जुनं, पत्र्याचं मॉडेल उभं होतं.

"त्याच्यापेक्षा तो द्या ना, सर. जुना. पत्र्याचा."

"अहो, तो आवाज करतो! ट्रॅक्टरसारखा आवाज करतो! हा सायलेंट आहे. हवा त्याच्यापेक्षा जास्त, वीज कमी, आणि आवाज शून्य."

"हो ना," तो तरुण पडेल आवाजात म्हणाला. "तेच तर."

तेव्हा हे शेवटचे दोन शब्द कुणीच ऐकले नाहीत. मीसुद्धा ऐकले नाहीत, म्हणजे कानांनी ऐकले, पण डोक्यापर्यंत पोचले नाहीत.

मी, शलाका तराळे, मूळची मूर्तिजापूरची. अमरावतीला एमबीए करत होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत 'हिमकन्या कूलर्स'मध्ये मार्केटिंगची इंटर्न म्हणून लागले होते. माझ्याबरोबर माझ्याच वर्गातला तन्मय खोडके होता. कंपनी वासुदेवराव बोचरे यांची. त्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंनी तरुणपणी पत्र्याच्या पेट्या ठोकता ठोकता पहिला कूलर केला आणि पुढे एमआयडीसीत कारखाना टाकला. निनाद सर त्यांचा मुलगा. पुण्याला इंजिनिअर होऊन आलेले. आल्या आल्या त्यांनी दोन वर्षं खपून प्लॅस्टिकच्या बॉडीचा, नवी मोटर असलेला, अजिबात आवाज न करणारा कूलर तयार केला. ज्या माणसाचं नावच निनाद, त्याने आवाज बंद करायचा ध्यास घ्यावा, ही गंमत कारखान्यात सगळ्यांना कळत होती. फक्त त्यांच्यासमोर कुणी बोलत नव्हतं.

त्या नव्या मॉडेलचं नाव होतं 'हिमकन्या सायलेंट'. दुकानदार त्याला म्हणत 'मुकी'.

मुकी परत येत होती. लग्नसराईत आंदणात गेलेल्या, फुलांच्या माळा अजून न काढलेल्या मुक्या हिमकन्या माहेरी परतायला लागल्या होत्या. आणि परत आणणारा प्रत्येक जण एकच सांगत होता, "हवा लागत नाही."

*

दुसऱ्या दिवशी निनाद सरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. भाऊही बसले होते, पांढरा सदरा, हातात ताकाचा पेला.

"मला या परत येण्याचं कारण पाहिजे," निनाद सर म्हणाले. "महिनाअखेरीला मीटिंग आहे. जुन्या मॉडेलचे डाय, ते पत्र्याचे साचे, मी भंगारात काढणार आहे, त्याआधी हा प्रश्न सुटला पाहिजे. तुमच्यापैकी जो सोडवेल, त्याला परीक्षा झाली की इथेच नोकरी."

"डाय भंगारात कायले काढतं?" भाऊ ताकातून तोंड वर काढत म्हणाले.

"बाबा, जुना आवाज करतो."

"करते त करते. वाईट काय हाय त्यात?"

"चांगलं काय आहे?"

भाऊंनी पेला खाली ठेवला. "पत्रा मजबूत असते," ते म्हणाले आणि उठून गेले.

नोकरी मला हवीच होती. वडिलांची शिवणयंत्रांच्या दुरुस्तीची टपरी होती. मला एमबीएला घातल्यापासून घरातलं प्रत्येक माणूस मला 'साहेब' म्हणायचं. थट्टेनेच म्हणायचं, पण थट्टेखाली वाट बघणं असायचं. तन्मयचं तसं नव्हतं. त्याचे वडील आणि भाऊ जुने दोस्त. त्याच दोस्तीतून ही जागा त्याला मिळाली होती, आणि नोकरीही त्यालाच मिळणार असं कारखान्यातला चहावालासुद्धा धरून चालला होता.

तन्मय हुशार होता. त्याने एकाच संध्याकाळी मोबाइलवर भरायचा सर्व्हे तयार केला. कूलरची हवा कशी वाटते? रंग कसा वाटतो? पाणी भरायला सोपं जातं का? एक ते पाच गुण द्या. आम्ही दोघं चार दिवस ऊन डोक्यावर घेऊन घरोघर फिरलो. सर्व्हेचा निकाल आला तेव्हा तन्मयने लॅपटॉपवर निळ्या रंगाचा एक उंच खांब मला दाखवला.

"बघ. सगळे म्हणतायत हवा कमी."

"पण हवा कमी नाहीये, तन्मय. गणपतीला चिकटलेला रुमाल तू पाहिलास."

"ग्राहक म्हणतो ते खरं. असं पुस्तकात आहे."

"ग्राहक खोटं बोलतोय."

"सगळेच? ठरवून?"

"तेच मला कळत नाही," मी म्हणाले. "आणि आपण कुणालाच 'का' असं विचारलेलं नाही. त्या फॉर्मात 'का'ला जागाच नाही."

"त्याचा चार्ट होत नाही," तन्मय म्हणाला. हे त्याने अगदी प्रामाणिकपणे सांगितलं.

*

त्या पहिल्या नवरदेवाचा पत्ता दुकानात होता. गोपाल गावंडे, डाळमिलमध्ये कामाला. शेवटी तो पत्र्याचाच कूलर घेऊन गेला होता. मी एकटीच गेले. 'कूलर बरोबर बसवलाय का, ते बघायला कंपनीकडून आले,' असं सांगायचं ठरवलं होतं. पूर्ण खोटंही नव्हतं.

दोन खोल्यांचं घर. मागच्या खोलीला दार नव्हतं, एक फुलाफुलांचा पडदा होता. पुढच्या खोलीत गोपालची आई गयाबाई पाय पसरून तांदूळ निवडत बसली होती, त्याचे वडील पलंगावर पेपर वाचत होते, आणि धाकटी बहीण आरशासमोर वेणी घालत होती. पडद्याजवळ सून उभी होती. नाव योगिता. ते मला गयाबाईंनीच सांगितलं. बाकी सगळंही त्यांनीच सांगितलं.

"नवा कूलर कसा वाटत होता, वहिनी?" मी योगिताला विचारलं.

"काही कामाचा नव्हता वं तो," गयाबाई म्हणाल्या.

"आणि हा जुना?"

"हा चांगला हाय. हवा लागते."

"तुम्हाला काय वाटतं, वहिनी?"

"तिले काय वाटन? तिलेबी चांगलाच वाटते."

योगिताने माझ्याकडे बघून डोळे किंचित मोठे केले. तसे डोळे मी ओळखते. माझी थोरली बहीण सासरी असली की फोनवर असंच 'मी मजेत आहे' म्हणते, आणि आई फोन ठेवून गप्प बसते.

"मला कूलर सुरू करून बघावा लागेल," मी म्हणाले. "तपासायला."

"दाखव तिले," गयाबाई सुनेला म्हणाल्या.

आम्ही पडद्याच्या आत गेलो. खिडकीत पत्र्याची हिमकन्या बसली होती. योगिताने बटण दाबलं. आधी एक धक्का बसला, मग पंख्याने दम घेतला, आणि मग असा आवाज सुरू झाला की खिडकीची काच थरथरायला लागली. वाळ्याचा वास खोलीभर पसरला. पडद्याच्या फटीतून पुढच्या खोलीतल्या गयाबाईंचे ओठ हलताना दिसले, ऐकू काहीच आलं नाही.

योगिता माझ्या अगदी जवळ आली आणि हसायला लागली. पोट धरून, भिंतीला टेकून हसायला लागली. मला काही कळेना.

"काय झालं?"

"तुम्ही फॉर्म भरून घेता ना?" ती माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली. "त्यात लिहा. मले लगन झाल्यापासून पहिल्यांदा या खोलीत हसता आलं, ते हा कूलर आला तवा."

"हसता आलं?" मी विचारलं.

"पडद्यापलीकडं सासू, सासरे, नणंद. इकडं खोकलं तरी तिकडून 'काय झालं वं' म्हणून ईचारतात. तो मुका कूलर आणला माह्या बापानं, आंदणात, हौसेनं. इतका मुका, का आमच्या बांगड्याचा आवाज पार गल्लीत जाये. आम्ही दोघं रातभर एकमेकाच्या तोंडाकडं पाहून झोपून जाऊ. बोलावं त कसं? हे कानात बोलत, त नणंद सकाळी त्याच शब्दात मले चिडवे."

"मग तुमचे मिस्टर कूलर परत घेऊन आले."

"मीच धाडलं. म्हटलं, जुना आना, तो ओरडनारा. ते म्हणे, दुकानात काय सांगू? मी म्हटलं, सांगा हवा लागत नाई." ती पुन्हा हसली. मग एकदम थांबली. "आता मायले फोन करते मी इथून. रडायचं असलं त रडून घेते. भांडतो बी आम्ही. लय मजा येते भांडाले. कोणालेच कळत नाई."

पडदा बाजूला झाला. गयाबाईंनी आत डोकावून मोठ्याने विचारलं, "हवा बराबर लागते ना?"

"लागते, आत्या!" योगिता सासूला ओरडून म्हणाली. "लय चांगली लागते!"

*

मी तन्मयला सगळं सांगितलं तेव्हा त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"हे स्लाइडवर कसं लिहायचं?" त्याने विचारलं.

"ते नंतर. आधी हे खरं आहे का ते बघू. एका घरावरून कसं ठरवणार?"

मग आम्ही पुन्हा निघालो. या वेळी तन्मयने मोबाइल खिशात ठेवला. पुरुषांशी त्याने बोलायचं, बायकांशी मी. त्याला पहिल्या दिवशी काहीच मिळालं नाही. पुरुष म्हणत 'हवा', आणि तो म्हणे 'बरं'. दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं, "'का' नको, इथल्या बोलीत 'काहून' विचार, आणि मग तोंड बंद ठेव. कितीही अवघड वाटलं तरी ठेव. समोरच्याला ती शांतता सहन होत नाही, तो बोलतो."

त्या संध्याकाळी तन्मय आला तो गालातल्या गालात हसत.

"एक एसटीतले कंडक्टर," तो म्हणाला. "मी 'काहून' म्हटलं आणि गप्प बसलो. तेही गप्प बसले. मी चहा मागवला. तरी गप्प. मग म्हणाले, 'तुह्यं लगन झालं काय?' मी नाही म्हटलं. म्हणाले, 'झालं का येजो, मंग सांगतो.'"

मला ज्या बायका भेटल्या, त्या सगळ्याच काही नवपरिणीत नव्हत्या. एक शिक्षिका कूलर सुरू करून गाण्याचा रियाज करत होती. नवऱ्याला गाणं आवडत नाही, आणि तिला ते सोडवत नाही. एका घरी म्हातारे सासरे होते. कूलर लावला की ते कुणाशी तरी बोलत. कुणाशी, ते सुनेने कधी विचारलं नव्हतं. "सासूबाई गेल्यापासून बोलतात," एवढंच ती म्हणाली. हे ऐकून मी त्या दिवशी पुढच्या घरी गेलेच नाही. खोलीवर येऊन आईला फोन लावला.

*

मीटिंगच्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी मोठ्याच पेचात सापडले आहे. कारण सापडलं होतं, पण ते सांगायचं कुणापुढे? भाऊंपुढे. पांढरा सदरा, कपाळाला बुक्का, हॉलमध्ये ज्ञानेश्वरांचा फोटो. त्यातून त्या दिवशी त्यांच्या पत्नी प्रमिलाकाकूही आल्या होत्या. कंपनीत त्या भागीदार होत्या, कधी बोलत नसत, पण मीटिंगला ताकाची बरणी घेऊन हजर असत. साठीच्या बाईसमोर आणि तिच्या नवऱ्यासमोर मी काय सांगायचं? की तुमचा कूलर लोक का घेतात, ते असं आहे?

निनाद सरांनी घड्याळ पाहिलं. "तन्मय, तू सुरू कर."

"सर, शलाका सांगेल," तन्मय म्हणाला. "कारण तिने शोधलंय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले. मग मला ते सुचलं. सुचलं असं म्हणण्यापेक्षा, सांगायची हिंमत नव्हती म्हणून सुचलं.

"मला एक जुना कूलर इथे आणू द्या," मी म्हणाले.

पत्र्याची हिमकन्या हॉलमध्ये आली, टेबलाच्या टोकाशी ठेवली गेली.

"आता मी कूलर सुरू करणार आहे. प्रत्येकाने आपल्या शेजारच्या माणसाच्या कानात एक गोष्ट सांगायची. खरी. चारचौघांत जी सांगता आली नसती, अशी."

"हा काय पोरखेळ लावला?" भाऊ कडाडले.

"भाऊ, एकदाच. नाही पटलं तर मी घरी जाते."

"सुरू कर वं," काकू अचानक म्हणाल्या. मी त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मी बटण दाबलं. हॉल दणाणला. टेबलावरचे कागद उडाले, ते धरायला कुणी गेलं नाही. आधी सगळे एकमेकांकडे ओशाळून बघत राहिले. मग तन्मय वाकला आणि त्याने निनाद सरांच्या कानात काहीतरी सांगितलं. चांगलं लांबलचक सांगितलं. निनाद सरांच्या भुवया वर गेल्या, मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इकडे काकूंनी पदर तोंडाशी धरला, भाऊंच्या कानाशी गेल्या आणि काहीतरी बोलल्या.

भाऊंचा चेहरा मी बघत होते. आधी कपाळावरच्या आठ्या गेल्या. मग मिशा हलल्या. मग हा एवढा मोठा माणूस, ज्याला बघून कारखान्यातले फोरमन विड्या विझवायचे, तो लाजला. चक्क लाजला. टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली आणि दुसरीकडे बघू लागला.

मी बटण बंद केलं. एकदम सामसूम.

"काकू," मी म्हणाले, "तुम्ही भाऊंना काय सांगितलंत?"

"तुले काहून सांगू?" काकू म्हणाल्या.

"नका सांगू," मी म्हणाले. "सर, आपण हेच विकतो."

क्षणभर कुणाच्याच लक्षात आलं नाही. मग निनाद सरांनी हळूच कूलरकडे पाहिलं, मग आईकडे, मग वडिलांकडे, आणि मग खुर्चीत मागे टेकले. "अरे देवा," ते म्हणाले.

"सर, दोन खोल्यांत पाच-सहा माणसं राहतात. मध्ये पडदा. लोकांना हवा हवीच असते, पण ती कुठल्याही कूलरची मिळते. आपला कूलर त्यांना एक भिंत देतो. ती भिंत तुम्ही काढून टाकलीत. आणि लोक बिचारे दुकानात येऊन तुम्हाला हे कसं सांगणार? म्हणून सांगतात, हवा लागत नाही."

निनाद सर उठून कूलरपाशी गेले. "दोन वर्षं," ते म्हणाले. "दोन वर्षं मी तो आवाज घालवायला झटत होतो."

"त्या आवाजासाठी तुह्या बापानं तीन महिने घातले होते," काकू म्हणाल्या.

"प्रमिला!" भाऊ म्हणाले.

"आता काय लपवता? पोरगी त सगळं काढूनच बसली." काकू माझ्याकडे वळल्या. "लगन झालं तवा आमची एकच खोली होती. सासू-सासरे, दोन दीर, आम्ही. यायनं पहिला कूलर केला तो घरच्यासाठी. आधी मुकाच झाला होता तो. मंग रोज काही ना काही करत बसत. पातं वाकवून पाहे, पत्रा ढिला करून पाहे. सासूबाई म्हणत, बिघडलं त काय बिघडलं? हे म्हणत, हवा बराबर लागत नाई."

हॉलमध्ये हसण्याचा असा स्फोट झाला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. भाऊसुद्धा हसत होते, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

निनाद सर मात्र हसत नव्हते. "बाबा," ते म्हणाले, "मी डाय भंगारात काढायला निघालो होतो. तुम्ही मला हे का सांगितलं नाही?"

भाऊंनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "पोराले हे सांगतेत काय?" ते म्हणाले.

*

डाय वाचले. मुकी हिमकन्या दवाखान्यांना आणि लायब्रऱ्यांना विकायची ठरली, आणि तिथे तिचं चांगलं चाललं. जुन्या हिमकन्येच्या जाहिरातीसाठी मात्र आठवडाभर डोकं फुटलं. सगळं कळायला हवं आणि काहीच म्हटलेलं नको, अशी ओळ पाहिजे होती. आम्ही ढीगभर ओळी फाडल्या. शेवटी जी राहिली ती तन्मयची आणि माझी अर्धी-अर्धी होती. 'आवाज आमचा, गोष्टी तुमच्या.' ऑटोंच्या मागे ती लागली तेव्हा शहरातले पुरुष ती वाचून गंभीर चेहरे करत, आणि बायका वाचून एकमेकींकडे बघत नसत. त्यावरून मी समजले की ओळ बरोबर पोचली आहे.

नोकरी मला मिळाली. तन्मयने निनाद सरांच्या कानात काय सांगितलं होतं, ते त्याने मला खूप नंतर सांगितलं. "मला ही नोकरी नकोय, मला पुण्याला जायचंय, पण बाबांनी भाऊंना शब्द दिलाय आणि भाऊ समोर बसलेत." एवढं वाक्य तो महिनाभर मनात घेऊन फिरत होता. पुढे तो पुण्याला गेला, आणि तिथे मोठ्या पदावर चढला. आजही फोनवर बोलताना मध्येच गप्प बसतो, आणि मी नको ते सांगून टाकते. हे त्याला मीच शिकवलं, त्यामुळे तक्रार करता येत नाही.

राहिली होती ती कॉलेजातली तोंडी परीक्षा. बाहेरगावाहून आलेले परीक्षक होते सोनटक्के सर. कडक इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा शिस्तीत. त्यांनी माझा अहवाल उलटसुलट चाळला.

"किती लोकांशी बोललात, ते इथे कुठेच दिसत नाही."

"फॉर्म भरून बोललो ते सगळे खोटं बोलले, सर. म्हणून त्यांचा आकडा दिला नाही."

"मार्केटिंगच्या इंटर्नशिपमध्ये यशस्वी व्हायला विद्यार्थ्याकडे कोणती कौशल्यं लागतात, असं तुम्हाला वाटतं? संगणक? सादरीकरण? भाषा?"

"ते सगळं लागतं, सर," मी म्हणाले. "पण आधी 'का' असं विचारून गप्प बसता आलं पाहिजे. आणि जे कळलं ते, कुणाला मान खाली घालावी लागणार नाही अशा बेताने सांगता आलं पाहिजे."

त्यांनी गुण मांडले. बरे होते की वाईट, चेहऱ्यावरून समजेना. मी बाहेर आले, व्हरांड्यात चपला घालत होते, तर मागून पावलं वाजली. सोनटक्के सर. इकडेतिकडे बघून ते जवळ आले.

"तो जुना कूलर," ते हळू आवाजात म्हणाले, "अजून मिळतो का?"

"मिळतो ना, सर. घरी नवीन लग्न झालंय का कुणाचं?"

"मुलाचं झालंय. पण त्यांच्या खोलीत एसी आहे. दार आहे. त्यांचं ठीक चाललंय."

मी 'मग कुणासाठी?' असं विचारणार होते, पण सवयीने गप्प बसले. सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला.

"आम्ही दोघं हॉलमध्ये झोपतो," ते म्हणाले. "सून आल्यापासून आमचं धड एक भांडण झालेलं नाही. ही म्हणते, तिच्या कानावर गेलं तर काय म्हणेल? तीस वर्षं रोज रात्री भांडून मगच झोपलो आम्ही. आता नुसते पडून राहतो दोघं, छताकडे बघत. तिच्याही मनात बरंच साचलंय, माझ्याही."

मी त्यांना दुकानाचा पत्ता लिहून दिला.

"मोठाच घ्या, सर," मी म्हणाले. "लहानाचा आवाज पुरायचा नाही."